शॉकअपचे ऑईल सील: स्वतः बदलावे की मेस्त्रीकडे न्यावे?

नंदगडहून एका वाचकांनी लिहिले आहे की ते बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर म्हणून काम करतात, रोज दीडशे सीसीच्या मोटरसायकलने खानापूरमार्गे ये-जा करतात आणि गाडीच्या पुढच्या डाव्या शॉकअपमधून पुन्हा तेल गळू लागले आहे. मागच्या पावसाळ्यानंतर एका गॅरेजमध्ये त्यांनी दोन्ही बाजूंची ऑईल सील बदलून घेतली होती, पण वर्ष भरायच्या आतच डावीकडे तेलाचे वळे दिसू लागले. डिस्क ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्कला चिमटीत धरणारा भागही त्याच बाजूला आहे. मित्र म्हणतात, व्हिडिओ बघून घरीच कर, त्यात काही अवघड नाही. वडील म्हणतात, पुढच्या चाकाशी खेळ नको, पैसे गेले तरी चालतील पण जाणत्या मेस्त्रीकडे दे. गणपतीला चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळी गावी बहिणीकडे जायचे आहे, तोवर गाडी अशीच वापरली तर चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबणारे नाही. सीलमधून निघालेले तेल पाइपवरून खाली बॉटमवर, म्हणजे पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या जाड नळीवर उतरते आणि तेथून कॅलिपरवर, डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर जाते. पॅड एकदा तेलाने भिजले की पुढचा ब्रेक लागतो आहे असे हाताला वाटते, पण गाडी थांबत नाही. जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या पुढे भर पावसात उतार आणि वळणे सुरू झाली की तेथे पुढच्या ब्रेकवाचून भागत नाही. म्हणून आज संध्याकाळीच कॅलिपर आणि डिस्क नीट पाहा. बोटाला किंवा पांढऱ्या कापडाला तेल लागले तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरी ठेवा आणि बसने जा. कॅलिपर पूर्ण कोरडे असेल, तेल फक्त पाइपवर दिसत असेल आणि रोज पुसल्यावर दुसऱ्या दिवशी अगदी थोडेच येत असेल, तर गावातल्या गावात जपून वापरण्यास हरकत नाही. घाट मात्र नको.

आता मुख्य प्रश्न. स्वतः करावे की मेस्त्रीकडे द्यावे, याचा निर्णय बहुतेक जण आपल्या हातावरच्या विश्वासावरून घेतात. माझ्या मते तो निर्णय शॉकअपच्या पाइपवरून घ्यावा. आपल्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण नवे सील वर्षभरही टिकले नाही म्हणजे सील जुने झाले, एवढ्यावर आता भागणार नाही. ते का गेले हे शोधल्याशिवाय आपण बसवा किंवा शहरातला सर्वांत नावाजलेला मेस्त्री बसवो, पुढच्या पावसाळ्यात आपण पुन्हा याच जागी उभे असाल.

आपण उद्यमबागेत आहात, म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड आपण पाहिलेला असणार. रॉडवर हार्ड क्रोम असते, त्याला घासून बसणारे सील आतले तेल आत ठेवते आणि त्याच्या बाहेर बसणारा वायपर धूळ बाहेर ठेवतो. शॉकअपची रचना हीच आहे. पाइप म्हणजे रॉड, ऑईल सील म्हणजे रॉड सील आणि वरचे डस्ट सील म्हणजे वायपर. सिलिंडरच्या रॉडवर गंजाचा खड्डा पडला असताना कोणी नुसते सील बदलून सिलिंडर परत पाठवला, तर आपला सुपरवायझर काय म्हणेल ते आपणच सांगू शकाल. मोटरसायकलच्या बाबतीत मात्र ही चूक रोज होते, कारण पाइप कोणी नीट पाहतच नाही.

तेव्हा पहिले काम तपासणीचे, आणि त्याला काही खोलावे लागत नाही. पाइप स्वच्छ पुसा, दिवसाच्या उजेडात तिरपी नजर टाकून पाहा आणि मग अंगठ्याचे नख वरून खाली, तसेच गोलाकार फिरवा. नख अडकले तर तेथे ओरखडा किंवा खड्डा आहे. खानापूर तालुक्यातला पाऊस, रस्त्यावरची तांबडी माती आणि पावसाळ्यात ओटीवर आठ-आठ दिवस ओली उभी राहिलेली गाडी, या तिन्हींमुळे पाइपच्या पुढच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके पडतात. ते पुसून जातात असे वाटते, पण क्रोमखालचे लोखंड तेथे खाल्ले गेलेले असते आणि त्या खड्ड्याची कड सीलच्या ओठाला, म्हणजे पाइपला घासणाऱ्या रबरी कडेला, प्रत्येक हेलकाव्यात कातरत राहते.

ठिपका कोठे आहे यालाही महत्त्व आहे. पाइपवर एक प्लॅस्टिकची टाय सैलसर बांधून डस्ट सीलला टेकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा; ब्रेक दाबल्यावर आणि खड्ड्यातून जाताना शॉकअप जितका दबेल तितकी टाय वर सरकून तेथेच थांबेल. टाय जेथे थांबली त्याच्या वर, टीच्या (हँडलखाली दोन्ही पाइप पकडून ठेवणाऱ्या भागाच्या) जवळ गंज असेल तर तो सध्या सीलला त्रास देत नाही. टायच्या खाली असेल तर गळतीचे कारण सापडले असे समजा.

खड्डा नसेल, फक्त बारीक ओरखड्याची उंचावलेली कड नखाला लागत असेल, तर ती घालवता येते. १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून पाइपभोवती आडवा, गोलाकार फिरवायचा; उभा कधीही घासू नये, कारण उभ्या रेषांतून तेलाला वाट मिळते. खोल खड्डे असतील तर मात्र पाइपच बदलावा लागतो, किंवा ग्राइंडिंग करून हार्ड क्रोम चढवून पुन्हा मापाला ग्राइंड करून घ्यावा लागतो. आपल्यासारख्या रोजच्या वापराच्या गाडीला नवा पाइप सहसा मिळतो आणि तोच घेणे मला योग्य वाटते. क्रोमिंगची वाट जुन्या, पार्ट न मिळणाऱ्या गाड्यांसाठी ठेवावी, आणि तेही काम मापाची खात्री देणाऱ्या कारखान्याकडेच द्यावे, कारण पाइप दोन-चार शतांशांनी जाड झाला तरी तो बॉटममध्ये आखडतो.

पाइप निर्दोष निघाला तर आणखी एक शक्यता उरते, आणि ती आनंदाची आहे. सीलच्या ओठाखाली वाळूचा एखादा कण अडकला असेल तर चांगले सीलही गळते. डस्ट सील पातळ पात्याने हलकेच उचकटून वर सरकवा, आत साचलेली माती पुसून घ्या, आणि घरात पडलेल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून बोटभर रुंदीची पट्टी कापून तिच्या टोकाला एका बाजूने छोटी खाच द्या. ही पट्टी पाइप आणि सील यांच्यामध्ये सरकवून पूर्ण गोल फिरवली की खाचेत कण अडकून बाहेर येतो. मग पाइप पुसून पुढचा ब्रेक दाबत शॉकअप दहा-बारा वेळा दाबून पाहा. अनेकदा गळती येथेच थांबते आणि खर्च काहीच होत नाही. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा थेट डस्ट सीलवर मारण्याची सवय आपल्याकडे सर्व्हिसिंग सेंटरांत सर्रास आहे; त्या फवाऱ्यानेच माती आत जाते, म्हणून धुणाऱ्या मुलाला तसे स्पष्ट सांगत चला.

हे करूनही गळती राहिली तर सील बदलणे आले. आपली गाडी साध्या टेलिस्कोपिक शॉकअपची आहे, आपल्याला मापाची सवय आहे, कारखान्यात लेथ आहे. पाइप चांगला असेल तर हे काम आपण स्वतः करावे, असे मी मनापासून सांगेन. त्यासाठी एक रविवार पुरा राखून ठेवा. सोमवारी पहाटे कामावर जायचे आहे म्हणून रात्री दिव्याखाली घाईने जोडलेला शॉकअप मला मान्य नाही. आणि पुढचे तपशील वाचताना आपल्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवून ठेवा, कारण तेलाचे माप, तेलाचा ग्रेड आणि बोल्टांचा टॉर्क (आवळण्याच्या जोराचे माप) प्रत्येक गाडीचा वेगळा असतो.

सुरुवात गाडी नीट उभी करण्यापासून होते. मेन स्टँडवर गाडी घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक असा लावा की पुढचे चाक अधांतरी राहील आणि गाडी हलणार नाही. कॅलिपर सोडवल्यावर ते ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा, आणि ते बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर कोणी दाबणार नाही याची काळजी घ्या, कारण पिस्टन बाहेर सरकला तर नवीन काम उभे राहते. एबीएस असेल तर चाकाजवळची सेन्सरची तार ताणली जाऊ नये. मग चाक आणि मडगार्ड निघतात.

यानंतरच्या क्रमात नवख्यांची फसगत होते. वरच्या टीचा क्लॅम्प बोल्ट सैल करून, पण खालच्या टीने पाइप अजून घट्ट धरलेला असतानाच, पाइपच्या डोक्यावरचा मोठा बोल्ट पाव फेरा सैल करून घ्यावा. बॉटमच्या तळातून वर गेलेला ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सैल करावा. आतला डॅम्पर रॉड केवळ स्प्रिंगच्या दाबाने जागेवर धरलेला असतो. स्प्रिंग काढून टाकली की बोल्टाबरोबर तोही गरगर फिरतो आणि बोल्ट सुटता सुटत नाही. येथेच पुष्कळ लोक कंटाळून गाडी अर्धी उघडी ठेवून मेस्त्रीला बोलावतात. आपल्या कारखान्यात इम्पॅक्ट गन असेल तर हा बोल्ट एका झटक्यात सुटतो.

शॉकअपचा पाय, म्हणजे पाइप आणि बॉटम मिळून एक बाजू, टीमधून बाहेर काढून उभा धरा आणि डोक्यावरचा बोल्ट शेवटच्या दोन आट्यांना हाताचा दाब देत, तोंड बाजूला ठेवून सोडा, कारण खाली स्प्रिंग दाबलेली आहे. स्प्रिंगचे दाट वेटोळे वर होते की खाली, ते पाहून ठेवा. तेल एका स्वच्छ डब्यात ओता आणि ते नीट न्याहाळा. राखाडी, चकाकणारे तेल म्हणजे धातू झिजतो आहे, दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेले आहे. ते तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर न टाकता गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात द्यावे.

डस्ट सील आणि त्याखालची सर्क्लिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी) काढल्यावर जुने ऑईल सील बाहेर यायला हवे. येथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह आवरा. बॉटम ॲल्युमिनियमचा असतो आणि सीलच्या बैठकीवर पडलेला एक खोल चरा पुढे सीलच्या बाहेरून तेल गळायला पुरेसा होतो. उचकटायचेच असेल तर कडेखाली कापड किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घालावी आणि एकाच जागी जोर न लावता फिरत फिरत उचलावे. आत बुश (पाइपला आधार देणारी कडी) असलेल्या शॉकअपमध्ये पाइप हिसका देऊन वर ओढला की बुशच सीलला बाहेर ढकलतो.

पाइप मोकळा झाला की कारखान्यात नेऊन व्ही-ब्लॉकवर ठेवा आणि वाक मोजण्यासाठी डायल गेज लावून फिरवा. पुष्कळ मॅन्युअलांत वाकाची मर्यादा ०.२ मिलिमीटर दिलेली असते, पण आपल्या गाडीचा आकडा तोच प्रमाण माना. गावातल्या घरी हे काम करणाऱ्याला काचेवर पाइप घरंगळवून अंदाजावर भागवावे लागते. ते आपल्याला करावे लागणार नाही, याचा पुरता फायदा घ्या. वाकलेला पाइप सरळ करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. बाहेरून सरळ दिसला तरी त्याचे क्रोम तडकलेले असू शकते, आणि पुढच्या चाकाचा भार त्याच्यावर आहे.

नवे सील ठोकण्यासाठी लेथवर नायलॉनचा एक पोकळ ड्रायव्हर बनवून घ्या. त्याचे आतले भोक पाइपवरून सहज सरकेल इतके आणि बाहेरचा व्यास सीलच्या बैठकीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा, म्हणजे तो सीलच्या बाहेरच्या कडेवरच दाब देईल आणि ओठाला स्पर्श करणार नाही. आपल्यासारख्या माणसाने हे काम स्वतः करावे असे मी म्हणतो त्याचे मोठे कारण हा ड्रायव्हर आहे. घाईत असलेल्या गॅरेजात सील हातोडी आणि पंचने एकदा इकडून, एकदा तिकडून ठोकले जाते, ते तिरके बसते, आणि तिरके बसलेले सील एका बाजूने लवकर झिजते.

बसवण्यापूर्वी पाइपच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तिला तेल लावा आणि तिच्यावरून सील सरकवा; पाइपच्या टोकाची धार ओठाला लागत नाही. सीलची ज्या बाजूला बारीक गोल स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. ज्यावर नंबर छापलेले आहेत ती वर. सर्क्लिपची खाच पूर्ण गोल मोकळी दिसेपर्यंत सील खाली जायला हवे. तळाच्या ॲलन बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर नवे घाला. पुष्कळदा तेल त्या वॉशरमधून ठिबकते आणि दोष मात्र सीलला दिला जातो.

तेल दोन्ही पायांत नवे आणि सारखे भरा, जरी गळती एकाच बाजूला असली तरी. मॅन्युअलात पातळी दिली असेल तर स्प्रिंग बाहेर ठेवून, पाइप पूर्ण खाली दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. त्याआधी पाइप सावकाश वर-खाली करून आतली हवा काढलेली असावी. थोडे जास्त भरले तर बरे, ही समजूत नुकसानीची आहे. तेलावर उरलेली हवा शॉकअप दबताना आकसते, जागा कमी राहिली की दाब भलताच वाढतो आणि तो दाब सीलवरच पडतो. उरलेले इंजिन ऑईल ओतण्याची पद्धत तर पूर्ण सोडावी. सांगितलेल्या ग्रेडचेच फोर्क ऑईल घाला.

जोडताना क्रम उलटा, पण एक गोष्ट अधिक. चाकाचा ॲक्सल घट्ट केल्यावर, त्याचा क्लॅम्प बोल्ट अजून सैल असताना, गाडी जॅकवरून खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबत शॉकअप काही वेळा जोराने दाबा, म्हणजे दोन्ही पाय एकमेकांना समांतर बसतील, आणि मग तो बोल्ट आवळा. हे न केल्यास पाइप कायम एका बाजूला रेटला जातो. पॅडवर तेल गेले असेल तर ते घासून, भाजून वापरू नका, नवे घाला. डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

मेस्त्रीकडे केव्हा जावे, तेही स्पष्ट सांगतो. पाइप वाकलेला असेल, बॉटमची बैठक खराब असेल, तळाचा बोल्ट आतल्या आत फिरत असेल, किंवा टीमधून पाय काढताना हँडलच्या बेअरिंगमध्ये खडखड जाणवत असेल, तर तेथे हात थांबवा. ज्यांच्या गाडीला उलटे, म्हणजे जाड नळी वर आणि क्रोमचा पाइप खाली असलेले शॉकअप आहेत, त्यांनी पहिल्यापासूनच त्या कामाची हत्यारे असलेल्याकडे जावे. त्यात सील खालच्या टोकाला असल्याने ओठ जरा गेला की तेल थेट डिस्ककडे उतरते, आणि आतली कार्ट्रिज खोलण्यास खास साधने लागतात.

आपल्या वडिलांच्या काळजीलाही एक चांगले उत्तर आहे. चाक आणि दोन्ही पाय आपण स्वतः सोडवा, पाइप आपण तपासा, आणि फक्त पाय पिशवीत घालून जाणत्या मेस्त्रीकडे न्या. सील तो बसवेल, परत जोडणी आपण कराल. मजुरी कमी लागते आणि आतले काम आपल्या डोळ्यांसमोर होते. मेस्त्री निवडताना त्याला तीन गोष्टी विचारा: तेल मोजून घालता का, जुने पार्ट परत देता का, आणि सील कशाने बसवता. तिसऱ्या प्रश्नावर त्याने ड्रायव्हर काढून दाखवला तर निश्चिंत मनाने काम द्या. त्या माणसाने मजुरी दुप्पट सांगितली तरी घासाघीस करू नये, असे माझे मत आहे.

सील घेताना दुकानात गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबर जुळवा, आणि जुने सील बरोबर नेऊन आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी व्हर्नियरने पडताळा. सीलची जोडी, डस्ट सील, वॉशर आणि तेल एवढे सगळे मिळून आपल्या गाडीसाठी एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा जास्त होऊ नये. म्हणून येथे स्वस्तातला माल घेण्यात अर्थ नाही. पाइपवर रबरी बूट (घडीचे आवरण) चढवायचे असतील तर चढवा, तांबड्या मातीत ते उपयोगी पडतात, पण महिन्यातून एकदा वर सरकवून खाली पाणी साचले आहे का ते पाहा, नाहीतर गंज झाकलेल्या जागीच वाढतो.

पहिले काही दिवस गाडी रिकाम्या रस्त्यावर हळू चालवा, ब्रेक आधी सावकाश आणि मग जोराने लावून पाहा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासा आणि दोन्ही पाइपांवर पांढरा कागद फिरवा. कागदाला ओलसर छटा आली तर ती सीलच्या ओठाला लागणारी नेहमीची तेलाची पातळ फिल्म आहे. पाइपवर पुन्हा स्पष्ट वळे उमटले तर मात्र तेल वाढवून किंवा पुन्हा नवे सील घालून पाहू नका. पाय काढून पाइप आणि बॉटम दोन्ही एखाद्या जाणत्याला दाखवा, आणि तोपर्यंत साखळीचा बेत बसवर ठेवा.